दातांतली लोकर

रेग पास्कोची पाठ जितक्या वेळा धरली तितक्या वेळा आमच्या ऑस्ट्रेलियातल्या मोनारोच्या पठारावर दहिवरसुद्धा गोठलं नसेल. निदान फोनवर तरी तसंच होतं. कुंपण ताणायला किंवा मेंढ्या हलवायला म्हणून सकाळी कुणी रेगला फोन करायचं, आणि त्याची बायको नोएलीन सांगायची, "पाठ धरलीय त्याची. झोपलाय." आवाज असा शांत, की ऐकणाऱ्याला मलमाचा वास यावा. तेव्हा आमच्याकडे एका तारेवर पाच घरं असायची, आणि एकाचा फोन वाजला की बाकीची चारही हळूच रिसीव्हर उचलायची. त्यामुळे ते वाक्य एका दमात सगळीकडे पोचायचं. पाठीला काही झालेलं नाही, रेग काल पबमधून आलाय किंवा आलाच नाही, हे पाचही घरांना ठाऊक असायचं. पण बोलायचं कुणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ धरून बायकोच बसली असेल तर दुसऱ्यानं कशाला उघडायची?

नोएलीन किनाऱ्याकडची, एका पाववाल्याची मुलगी. हाडापेरानं रुंद, हसली की खांदे हलायचे, आणि शेतकी प्रदर्शनात तिच्या मनुकांच्या केकला वर्षाआड तरी पहिल्या बक्षिसाची निळी फीत ठरलेली. तिला खोटं बोलायला कुणी बसून शिकवलं नव्हतं. ते ती माहेरूनच घेऊन आली होती. बाप भट्टीपाशी पिऊन आडवा झाला की तिची आई गिऱ्हाइकांना सांगायची, "पिठानं दमा उठलाय हो त्यांना." लहानपणी नोएलीनला तो दमा खराच वाटायचा, आणि चर्चमध्ये ती त्या दम्यासाठी प्रार्थनाही करायची.

मग एका हिवाळ्यात रेग पबमधून येताना रस्त्याकडेच्या चरात पडून राहिला आणि पहाटेच्या थंडीनं त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं खाल्ली. इस्पितळात तो शहाण्यासारखा राहिला. घरी आला, आठवडाभर बरा होता, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. नेमका लोकर कापणाऱ्यांच्या मुकादमाचा फोन आला. माणसं शेजाऱ्याच्या शेडमध्ये येऊन उभी होती, रेगच्या मेंढ्या कोंडून ठेवलेल्या, आणि मालकाचा पत्ता नाही. नोएलीननं रिसीव्हर कानाला लावला, आणि तिला एकाएकी त्या वाक्याचा वीट आला.

"तो पिऊन पडलाय," ती म्हणाली. "पाठबीठ काही नाही. कधीच नव्हती."

तारेवर इतकी शांतता झाली, की पाच घरांचे श्वास मोजता आले असते. आतल्या खोलीत रेगनं ते ऐकलं. संध्याकाळी तो उठून टेबलापाशी आला, चहाच्या कपाला दोन्ही हात धरून बसला, आणि म्हणाला, "तू ते पाठीचं म्हणायचीस ना, ते कानावर आलं की मला वाटायचं, चला, आजचा दिवस निभला. आज निभला नाही."

"मी थकले रे," नोएलीन म्हणाली.

"मी पिणार नाही, तू झाकायचं नाही. दोघांनी मिळून. चालेल?"

बाजारात मेंढ्यांचा सौदा ठरला की गडी हातात हात घेतात, तसा त्यांनी टेबलावरून हात मिळवला. तिला त्या वेळी रडू आलं, ते तिनं लपवलं नाही.

त्याच आठवड्यात फ्लिंट घरात आला. शेजारचा मर्व्ह टॅगार्ट, मोठ्या कळपाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस, त्याच्या कुत्रीचं ते पिल्लू. काळंभोर, कान ताठ, डोळे पिवळे. त्यानं कोकराची तंगडी फोडली होती आणि रक्त चाटताना सापडलं होतं. मर्व्ह बंदूक घेऊन निघाला होता, आणि रेग कुंपणाच्या तारा घेऊन समोर आला.

आमच्या भागात एक म्हणणं आहे. साफ केलेलं कुरण चार वर्षं सोडलं की पुन्हा झुडपांत जातं, पाळलेलं डुक्कर रानात सुटलं की त्याला सुळे फुटतात, आणि ज्या कुत्र्यानं एकदा मेंढीचं रक्त चाखलं ते पुन्हा मेंढीवर जातं. या सगळ्याला इथल्या इंग्रजीत दोनच शब्द आहेत, 'गोज बॅक'. परत जातो. दारू सोडलेल्या माणसालाही तेच दोन शब्द लावतात, आणि लावून मोकळे होतात.

"दे मला ते," रेग म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे ना? चटक लागलीय त्याला. परत जाणार ते."

"माझ्याबद्दलही सगळे हेच म्हणतात."

"तुझं वेगळं आहे, गड्या."

"काय वेगळं आहे? ते परत गेलं तर मीही जाईन. नाही गेलं तर मीही नाही. लाव पैज."

मर्व्ह हसला आणि पिल्लू त्याच्या हातात दिलं. अंधार पडायच्या आत ती पैज तारेवरून साऱ्या मुलखात झाली. नोएलीनला ती मुळीच आवडली नाही. "माणसानं आपला जीव कुत्र्याच्या गळ्यात बांधू नये," ती म्हणाली. रेगनं नुसतं पिल्लाच्या पोटावर हात फिरवला. त्या दिवसापासून लोक दोघांवर नजर ठेवून होते, आणि नोएलीन सगळ्यांत जास्त.

दोन वर्षं गेली, दोन लोकरकापण्या झाल्या. फ्लिंट असा निघाला की मर्व्हलाही हळहळ वाटावी. रेग शीळ घालायचा आणि कुत्रा टेकडीपल्याडच्या मेंढ्या लोटत आणायचा, एकीलाही दात न लावता. रेग चहा प्यायचा, पत्त्यांच्या डावात चहा, लग्नात चहा. बाजारात कुणीतरी विचारायचंच, "काय रे, कपात चहाच ना?" तो कप पुढे करायचा, "ये, हुंग." रोज तो घरात शिरताना नोएलीन दारात त्याच्या गालाला गाल लावायची आणि हळूच श्वास घ्यायची. त्याला ते कळायचं. तो मुद्दाम क्षणभर जास्त थांबायचा, म्हणजे तिला नीट वास घेता यावा.

तो हिवाळा वाईट आला. मेंढ्या व्यायला लागल्या आणि थंडी ओसरायचं नाव घेईना. रोज सकाळी गवत पांढरं, पाण्याच्या टाकीचा नळ गोठलेला, आणि कुंपणाच्या खांबांवर कावळे बसलेले. कोकरं पडायची वेळ झाली की कावळे येतातच, पण त्या वर्षी ते ओरडत नव्हते, नुसते बसून राहायचे.

एका पहाटे रेग गाईची धार काढायला गेला होता. नोएलीन लाकडं आणायला मागच्या अंगणात आली, तर फ्लिंट त्याच्या झोपायच्या आडव्या पत्र्याच्या पिंपात नव्हता. तो लाकडांच्या ढिगाआड पडला होता. तिला पाहून उठला नाही, शेपटीचं टोक तेवढं जमिनीवर आपटलं. त्याची छाती ओली होती. तिनं हात लावला तर बोटं लाल झाली.

तिनं त्याचा जबडा उघडला. मागच्या दाढांमध्ये लोकरीचा झुबका अडकला होता, गुलाबी झालेला.

खरं तर त्या क्षणी तिनं गोठ्याकडे तोंड करून रेगला एक हाक मारायची होती. एवढंच काम होतं. पण तिला दिसला तो रेग, हातात बंदूक घेऊन शेडमागे जाणारा, आणि तिथून थेट पबच्या दाराशी पोचलेला. तिला ते इतकं लख्ख दिसलं, की पुढचं सगळं तिच्या हातांनी आपणहून केलं. केसांतली पिन काढून तिनं लोकर उपसली. गरम पाण्यानं त्याची छाती धुतली. धुण्याच्या सोड्याचा खडा त्याच्या घशात सारला, कारण आमच्याकडे बाईमाणसालाही ठाऊक असतं की सोडा दिला की कुत्रं पोटातलं सगळं ओकतं. टाकीमागे तो ओकला. काय ओकला ते तिनं नीट पाहिलंही नाही, फावड्यानं राखेच्या ढिगात गाडून टाकलं. पिनेवरची लोकर चुलीत गेली.

रेग दुधाची बादली घेऊन आत आला आणि नाक वर करून थांबला. "काय जळलं गं?"

"कांबळ्याची कड. चुलीपाशी वाळत घातलं होतं."

खोट्याची बिजागरी गंजली असेल असं तिला वाटलं होतं, पण दार बिनआवाज उघडलं. रेग "बरं" म्हणाला आणि दूध गाळायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. मर्व्हचा आवाज रिसीव्हरबाहेर येत होता. त्याच्या खालच्या कुरणात मेंढ्या फाडल्या होत्या, गाभण आणि व्यालेल्या, खाण्यासाठी नाही, नुसत्या फाडून टाकलेल्या. उरलेल्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून उभ्या होत्या, काही तिथंच गुदमरल्या. "कोल्ह्याचं काम नाही हे," तो म्हणाला. "कुत्रं आहे, आणि ते आपल्यापैकी कुणाचं तरी आहे. सगळ्यांनी आपापली जनावरं घेऊन माझ्या फाटकाशी या. आत्ता."

ही आमची रीत. कुणी पोलिसाला बोलवत नाही, कुणी कुणाचं नाव घेत नाही. प्रत्येकानं सगळ्यांसमोर आपल्या कुत्र्याचं तोंड उघडायचं, मग सोडा द्यायचा आणि काय पडतं ते बघायचं. लोकर पडली की त्या कुत्र्याचा निकाल लागला. तो निकाल ज्याचा त्यानंच पुरा करायचा, दुसऱ्यानं त्याच्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

बायका अशा वेळी चहाचे थर्मास घेऊन येतात. नोएलीनही आली, सोबत केक घेऊन. हाताला काहीतरी काम हवं म्हणून ती केक कापत राहिली, आणि मर्व्हची बायको म्हणाली, "अगं, किती बारीक कापतेस, पाखरांना घालायचाय का?"

फाटकाशी गडी ओळीनं उभे होते. नेहमीची थट्टा नव्हती. फ्लिंटची पाळी आली तेव्हा मर्व्हनं स्वतः त्याचे ओठ मागे सारले. त्यानं आधी दात बघितले, मग रेगकडे. "स्वच्छ," तो म्हणाला. सोडा दिला, फ्लिंट पिवळं पाणी ओकला, बाकी काही नाही. रेगनं धरून ठेवलेला श्वास सोडला, तो नोएलीनला दूरवरून ऐकू आला.

शेवटी ऑसी लिंच. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोपटात एकटा राहणारा म्हातारा, पूर्वी मेंढ्या राखायचा, आता संधिवातानं बोटं झाडाच्या मुळ्यांसारखी वळलेली. त्याची कुत्री मेग त्याच्याइतकीच म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिला सोडा देतानाही दोघेतिघे म्हणाले, "हिला कशाला छळता?" आणि मेगनं सगळ्यांसमोर लोकर ओकली.

सगळ्या माना एकदम ऑसीकडे वळल्या.

"मेलेल्या मेंढीची तंगडी घातली होती मी तिला," ऑसी म्हणाला. "माझीच होती, परवा थंडीनं मेली. कातडं सोलता येत नाही रे मला आता. हात बघा माझे. सुरी धरवत नाही." त्यानं दोन्ही हात पुढे केले, आणि ते कुणी बघेना. कातड्यासकट मांस कुत्र्याला घालायचं नाही, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. लोकांना ती सबब वाटली. बरं, सबब तर सबब, तीही अशी लंगडी.

"ऑसी," मर्व्ह हळू म्हणाला, "गाभण मेंढ्या होत्या रे."

"हो हो. कळलं." त्यानं वाद घातला नाही. टोपी काढली, पुन्हा घातली. रेग पुढे झाला. "म्हाताऱ्या, मी करू का? तुझे हात..."

"नको. माझी आहे ती."

तो मेगला घेऊन खालच्या ओढ्याकडे गेला. ती त्याच्या घोट्याला लागून चालत होती, जशी रोज चालायची. नोएलीनच्या हातात सुरी होती. तिनं तोंड उघडलं असतं तर अजून वेळ होता. बंदुकीचा बार झाला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग खूप वेळानं दुसरा बार झाला, कारण ती बोटं पहिल्या वेळी सरळ राहिली नव्हती. मर्व्हची बायको तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबून रडायला लागली. नोएलीन केक कापत राहिली.

घरी येताना रेगनं एक हात स्टिअरिंगवर आणि एक फ्लिंटच्या डोक्यावर ठेवला होता. "बघितलंस?" तो म्हणाला. "नाही गेला हा परत. सगळे माझ्याकडे बघत होते गं. मला वाटलं, आता संपलं." त्याचे डोळे भरून आले होते. नोएलीन खिडकीबाहेर बघत होती. खांबांवर कावळे होते.

त्या दिवसापासून ती संध्याकाळ झाली की फ्लिंटला साखळीला बांधायची.

"आता कशाला?" रेग म्हणाला. "ज्यानं केलं ते तर गेलं बिचारं."

"कोल्हे फार झालेत. कुठं भांडून जखमी झाला तर?"

चोराच्या मनात चांदणं. दिवसातून चार वेळा ती साखळी ओढून बघायची. फ्लिंट तिच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी बघायचा. तो तिला आवडायचा, ते सगळ्यांत वाईट होतं. त्याच्या दातांत काय होतं हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्यातला एक बोलू शकत नव्हता आणि दुसरी बोलत नव्हती.

ती ऑसीकडे मटणाचा रस्सा घेऊन गेली. मग केक. मग पुन्हा रस्सा. तो दारातच बसलेला असायचा, मेगचं भांडं अजून पायरीशी पालथं घातलेलं.

"तू कशाला एवढी तंगडतोड करतेस, पोरी?" तो म्हणाला. "मी विचार करत होतो. केलं असेल तिनंच. एवढी माणसं म्हणतात ती काय खुळी आहेत? मला झोप लागत असेल आणि ही बाहेर जात असेल. एवढी वर्षं पायाशी झोपली, आणि मला तिची ओळखच नव्हती म्हणायची." तो हसला. "म्हातारपणी अक्कल जाते बघ."

सांगायचं होतं गं बाई, तेव्हा तरी. कुत्री गेली ती गेली, निदान तिचं नाव तरी त्याला परत द्यायचं होतं. नोएलीननं भांडं खाली ठेवलं, "थंड व्हायच्या आत खाऊन घ्या," म्हणाली आणि चालू लागली. घरी आल्यावर रेगनं विचारलं, "कसा आहे?" ती म्हणाली, "बरा आहे. सावरतोय." हेही खोटंच. एकाला सोबत म्हणून दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आता तिला ती खोटी वाटतही नव्हती, मीठ टाकावं तशी बोलता बोलता पडायची.

थंडी थोडी सैलावली. मर्व्हच्या मेंढ्या शांत होत्या, लोक मेगचं नाव घेईनासे झाले, आणि नोएलीनला वाटायला लागलं की सुंठीवाचून खोकला गेला.

मग एके दिवशी सकाळी रेग तिच्या आधी उठला. धुकं होतं. पिंपाशी साखळी पडली होती, तिच्या टोकाला रिकामा पट्टा, दहिवरानं पांढरा झालेला. हिवाळ्यात कुत्रा वाळतो, मान बारीक होते, पट्टा एक भोक आवळायला हवा होता. तिनं साखळी रोज ओढून पाहिली होती, पट्टा नाही.

त्याला शोधावं लागलं नाही. घरामागच्या त्यांच्याच कुरणात फ्लिंट एका कोकरावर उभा होता. रेग आला तशी त्यानं मान वर केली आणि शेपूट हलवली. तोंडावर रक्त, आणि डोळ्यांत मालक भेटल्याचा आनंद. त्याला काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं.

रेग त्याला दोरीनं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आत आला नाही. नोएलीन चुलीपाशी होती. तिनं कुत्र्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा आश्चर्यानं जसा व्हायला हवा तसा झाला नाही. रेगनं ते पाहिलं.

"मर्व्हच्या मेंढ्या मेल्या त्या सकाळी," तो म्हणाला, "इथं काय जळलं होतं?"

"कांबळं. सांगितलं ना तुला, कांबळ्याची कड."

"आण ते."

"काय?"

"कांबळं आण. कड बघू कुठं जळलीय."

चुलीवर किटली उकळत होती. नोएलीन जागची हलली नाही. घरात तीन कांबळी होती, तिन्हींच्या चारही कडा धड होत्या, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

"तू परत गेला असतास," ती म्हणाली. "तूच म्हणाला होतास ना, हा गेला तर मीही जाईन? मी तुला वाचवत होते."

"ऑसीला कुणापासून वाचवलंस?"

तिनं किटली चुलीवरून उतरवली. रेग दोरी मुठीला गुंडाळत राहिला. मोठ्यानं बोलला नाही, तो मोठ्यानं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. "दोन कापण्या झाल्या, सगळा मुलूख माझं तोंड हुंगतोय," तो म्हणाला. "तूसुद्धा, रोज दारात. मी हुंगू दिलं. तुझं तोंड कुणी उघडून बघितलंच नाही."

दारामागची बंदूक घेऊन तो शेडमागे गेला. एकच बार झाला. मग फावड्याचा आवाज, गोठलेल्या मातीवर, कितीतरी वेळ. मग पिकअप सुरू झाली, फाटकापाशी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीवरून खडखडत बाहेर पडली.

जाळीपुढे रस्ता फुटतो. उजवीकडे मर्व्हचं घर, डावीकडे उतारानं गाव आणि पब. एवढ्या वर्षांत नोएलीन भांडी घासता घासता ओळखायची की गाडी कुठं वळली, उताराला गिअर बदलल्याचा आवाज येतो. त्या दिवशी वारा उलटा होता. तिनं मागचं दार उघडून कान दिला, धुक्यातून काहीच आलं नाही.

तिला खात्री होती. जे होऊ नये म्हणून एवढं सगळं केलं तेच झालं, उजाडताच पबचं मागचं दार वाजवलं असणार, कुणीतरी उघडलं असणार. तिनं टेबल पुसलं. पुन्हा पुसलं. तिला मुख्य भीती कसली वाटत होती, तर लोक काय म्हणतील याची. म्हणतील, बघा, गेला. आम्ही म्हटलंच होतं. आणि तिच्या मनानं कामाला सुरुवात केली, कुणाला काय सांगायचं, बाजाराच्या दिवसाचं काय, चर्चमध्ये कोण विचारेल.

फोन वाजला तेव्हा तिनं पहिल्या घंटेलाच उचलला. तारेवर बाकीचे रिसीव्हर उचलल्याचे बारीक आवाज आले.

"नोएलीन?" मर्व्ह होता. त्याचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. "नोएलीन, अगं, रेग..."

"पाठ धरलीय त्याची," ती म्हणाली. "झोपलाय."

दोन कापण्यांत ते वाक्य तिनं एकदाही उच्चारलं नव्हतं. जसंच्या तसं आलं, सूरसुद्धा तोच.

पलीकडे मर्व्हनं एक खुर्ची ओढली. मग तो म्हणाला, "अगं, रेग माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. चहा पितोय. त्यानं सांगितलंय मला सगळं. ऑसीकडे जाऊन सांगायचं म्हणतोय, पण तुझ्याशिवाय जाणार नाही म्हणतो. तुला तयार राहायला सांगायला फोन केला."

मागून रेगचा आवाज आला, "काय म्हणाली रे ती?"

"तयार होतेय म्हणाली," मर्व्हनं सांगितलं. आणि तारेवरचे रिसीव्हर एकामागून एक हळूच खाली ठेवले गेले.

तिनं ॲप्रन काढला, कोट घातला, केसांत ती पिन खोचली. धुक्यातून पिकअप जाळीवर खडखडली. रेग दारात आला, थकलेला, हातांना माती. रोजच्यासारखा त्यानं गाल पुढे केला आणि थांबला, तिला नीट वास घेता यावा म्हणून. चहाचाच वास होता. नोएलीननं आपलं तोंड बाजूला फिरवलं.

"मर्व्हला नेमकं काय म्हणालीस?" त्यानं विचारलं. "त्याचा चेहरा कसातरीच झाला होता."

"काही नाही," नोएलीन म्हणाली. "तयार होतेय म्हणाले."